भाजीतली मासळी: दुधी-कोलंबी, वांगी-सोडे, माठ-सुकट वगैरे

अष्टागर

कोलंबीचं कालवण, तळलेली सुरमई, बांगड्याचं तिखलं यांवर धागे पुष्कळ झालेत. इथे फक्त असे पदार्थ घेऊ ज्यांत भाजी मुख्य आहे आणि मासळी तिला चव आणते. रायगड, मुंबई-वसई, सिंधुदुर्ग, गोवा, सगळीकडे हे घरोघरी होतं, पण खाणावळीच्या फलकावर क्वचितच दिसतं. शिवाय पाव किलो कोलंबीत चौघा-पाचजणांचं जेवण निघतं.

बिघडतं ते बहुतेक वेळा क्रमामुळे, मसाल्यामुळे नाही. ताजी मासळी शेवटी टाकायची, सुकी मासळी सुरुवातीला. आंबट घालायचं ते भाजी शिजल्यावरच. सोललेली मध्यम कोलंबी ३-४ मिनिटांत शिजते, दुधीला १०-१२ मिनिटं लागतात, गवारीला त्याहून जास्त. दोन्ही एकदम टाकलं की भाजी होईपर्यंत कोलंबी चिवट झालेली असते. सुक्याचं उलट आहे. ते तेलात नीट परतल्याशिवाय उग्रपणा जात नाही आणि त्याची चवही तेलात उतरत नाही.

सुरुवात दुधी-कोलंबीने. चौघांसाठी कोवळा दुधी अर्धा किलो, सोललेली कोलंबी २०० ग्रॅम (डोकी-सालांसकट ४०० ग्रॅम घेतली की साधारण तेवढी निघते), २ मध्यम कांदे, ६-७ लसूण पाकळ्या ठेचून, २ हिरव्या मिरच्या, इंचभर आलं, अर्धा चमचा हळद, दीड चमचा घरचा लाल मसाला, ३ आमसुलं, ३ मोठे चमचे तेल, मूठभर कोथिंबीर, ३ मोठे चमचे ओलं खोबरं.

कोलंबीच्या पाठीतला काळा दोरा काढून धुवा, निथळा, हळद आणि पाव चमचा मीठ लावून १० मिनिटं ठेवा. जास्त नको, मिठाने पाणी सुटतं. कढई चांगली तापली की चमचाभर तेलात मोठ्या आचेवर मिनिटभर परतून रसासकट वाटीत काढा. ती अर्धी कच्चीच असायला हवी. त्याच कढईत उरलेलं तेल, लसूण, आलं-मिरची आणि कांदा. कांदा मऊ झाला की मसाला, मग दुधीच्या पाऊण इंची फोडी. वर खोलगट झाकण, झाकणात पाणी. आत पाण्याचा थेंबही नको, दुधी स्वतःच्या पाण्यात शिजतो. १०-१२ मिनिटांनी फोड उलथन्याने सहज तुटली की आमसुलं, मीठ, कोलंबी आणि वाटीतला रस. आता झाकण न ठेवता ३ मिनिटं. कोथिंबीर-खोबरं घालून उतरवा.

शिराळं, पडवळ, घोसाळं यांनाही हीच कृती चालते, फक्त त्यांना ६-८ मिनिटं पुरतात. फ्लॉवर आणि कोबी मात्र आधी थोडे परतून घ्या, नाहीतर त्यांचा वास कोलंबीवर चढतो.

माजघर

छान धागा. एक शंका. फ्रोझन कोलंबी वापरली की भाजीला पांढरट फेसाळ पाणी सुटतं आणि कोलंबी चिवट होते. वर दिल्याप्रमाणे शेवटी टाकली तरीही. यावर काय करायचं?

खाडीकाठ

@माजघर, त्यात दोन-तीन गोष्टी एकत्र होतात. फ्रोझन कोलंबीवर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो, तो पाकिटाच्या वजनात धरलाय की नाही ते पाकिटावर बघा. शिवाय काही कोलंबीला फॉस्फेटचं पाणी पाजलेलं असतं. ती हाताला बुळबुळीत, काचेसारखी पारदर्शक आणि फुगीर लागते, आणि तेच पाणी कढईत फेस होऊन येतं. पाकिटावरच्या घटकांत कोलंबी आणि मीठ एवढंच असेल अशी घ्या.

वितळवायची ती रात्रभर फ्रिजमध्ये, चाळणीत ठेवून, खाली ताट. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात अर्धा तास. गरम पाण्यात टाकली की बाहेरचा भाग शिजायला लागतो आणि आत बर्फ राहतो. मग स्वच्छ फडक्याने कोरडी पुसा. हे टाळलं तर बाकी काही करून उपयोग नाही.

परतताना कढई भरू नका. २०० ग्रॅमचे दोन हप्ते करा. एकदम टाकली की कढई गार पडते आणि कोलंबी परतली न जाता उकडते. शिजल्याची खूण सोपी आहे: अर्धगोल वळली आणि मधला काचेसारखा भाग पांढरा झाला की झाली. डोक्याचं टोक शेपटीला चिकटेपर्यंत गोल वळली म्हणजे वेळ टळून गेली.

गुलाबी, आधीच उकडलेली कोलंबी मिळते ती या पदार्थांना घेऊच नये. घेतलीच तर फक्त शेवटचं एक मिनिट.

रेतीबंदर

सोड्यांबद्दल लिहितो. आधी एक खुलासा. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, महाग. सुकट म्हणजे सालासकट वाळवलेली बारीक कोलंबी. जवळा त्याहून बारीक. गावागणिक नावं उलटसुलट होतात, म्हणून बाजारात नावापेक्षा मालाकडे बघा.

चांगले सोडे फिकट नारिंगी, जरा मळकट दिसतात. सगळे एकसारखे लालभडक असतील तर रंग लावलेला असण्याची शक्यता जास्त. हातात घेऊन मोडा, कडकन तुटले पाहिजेत. वाकले तर ओल आहे आणि डब्यात बुरशी येणार. नाकाला झोंबणारा वास आला तर सोडून द्या. घरी आणल्यावर एक दिवस कडक ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि पावसाळ्याआधी ती बरणी फ्रिजमध्ये.

वांगी-सोडे-बटाटा रस्सा, चौघांचा. सोडे ५० ग्रॅम, वांगी पाव किलो, बटाटे २ मध्यम, कांदे २, तेल ४ मोठे चमचे, हळद, २ चमचे लाल मसाला, लिंबाएवढ्या चिंचेच्या अर्ध्या गोळ्याचा कोळ. हिरवं वाटण: ८ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, ३ मिरच्या, मूठभर कोथिंबीर.

सोडे दोन पाण्यांनी चोळून धुवा, मग कोमट पाण्यात १५-२० मिनिटं. मऊ झाले की पाठीकडची काळी रेघ नखाने निघते, मोठे असतील तर दोन तुकडे. तेलात कांदा गुलाबी झाला की वाटण, ते कोरडं झालं की पिळलेले सोडे. इथे धीर धरायचा. मध्यम आचेवर ४-५ मिनिटं, सोड्यांच्या कडा सोनेरी होईपर्यंत. वास बदलतो ते कळतं, उग्रपणा जाऊन खमंग येतो. मग हळद-मसाला, बटाटा, दीड वाटी गरम पाणी. बटाटा निम्मा शिजल्यावर वांगी, कारण वांग्याला जेमतेम ८ मिनिटं लागतात. चिंच आणि मीठ शेवटी, त्यानंतर दोन उकळ्या. सोड्यांत मूळचं मीठ असतं, चाखल्याशिवाय घालू नका.

गवारीत सोडे घालायचे तर पाणी अर्धी वाटीच, आणि चिंचेऐवजी सुपारीएवढा गूळ आणि एक आमसूल.

पाटावरवंटा

सोडे भिजवलेलं पाणी फेकू नका हो, सगळी चव त्यात असते.

रेतीबंदर

फेकावं की वापरावं हे मालावर ठरतं. वाळूत वाळवलेल्या मालाचं पाणी कचकचतं. पहिली दोन धुण्याची पाणी टाकायचीच. तिसरं, भिजवण्याचं, पाच मिनिटं न हलवता ठेवून वरचं ओतून घ्या, तळाचे दोन चमचे सोडून द्या. ते पाणी खारट असतं, त्यामुळे रश्श्यातलं मीठ त्या हिशेबाने.

माजघर

रश्श्यातला बटाटा अर्धा तास उकळूनही कचवट राहतो, तो बटाट्याचा दोष की आचेचा?

अष्टागर

बहुतेक वेळा चिंचेचा. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात मऊ पडत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो, कैरी यांपैकी काहीही बटाट्याबरोबर आधी पडलं की फोड बाहेरून शिजल्यासारखी दिसते आणि आत दाताला लागते. मग कितीही उकळा. गवार, शेवगा, सुरण यांचंही तसंच. एकदा घडलं तर उपाय म्हणजे फोडी बाहेर काढून साध्या पाण्यात शिजवून परत घालणे. दुसरा नाही.

टोमॅटोबद्दल माझं मत: सोडे किंवा सुकटीच्या भाजीत तो नकोच. त्याचा गोडसरपणा सुक्या मासळीच्या चवीशी भांडतो. आमसूल किंवा चिंच पुरे.

तिरफळ

गोव्याकडची दोन देते.

पहिलं काल्दीन, भेंडी आणि सुंगटांचं, म्हणजे कोलंबीचं. नारळाच्या दुधातली पिवळी, सौम्य कढी. लाल मिरची अजिबात नाही, तिखटपणा मिरी आणि हिरव्या मिरचीचा. पाव किलो कोवळी भेंडी, पाव किलो सोललेली कोलंबी, एक मोठा नारळ. मोठा चमचा धणे, चमचाभर जिरं, ७-८ मिरी, अर्धा चमचा हळद, ५ लसूण पाकळ्या, इंचभर आलं. हे खोबऱ्याबरोबरच बारीक वाटायचं आणि त्यातून दूध पिळायचं, म्हणजे मसाल्याचा चोथा कढीत राहत नाही. पहिलं घट्ट दूध एक वाटी, ते बाजूला. चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरं पातळ दूध दोन-अडीच वाट्या.

भेंडी धुऊन पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चिरू नका. दोन इंची तुकडे, चमचाभर तेलात मोठ्या आचेवर ५-६ मिनिटं, झाकण नाही, मीठ नाही. तार सुटायची थांबली की काढा. मग एक उभा चिरलेला कांदा परतून पातळ दूध, ३ मधोमध चिरलेल्या मिरच्या, मंद आचेवर ८ मिनिटं. नंतर कोलंबी, २ मिनिटं. भेंडी, मीठ, एक मोठा चमचा चिंचेचा कोळ किंवा दोन चमचे व्हिनेगर. शेवटी घट्ट दूध, आणि कडेने बुडबुडे दिसायला लागताच बंद. घट्ट दूध घातल्यावर खळखळून उकळलं तर फाटतं, तेल वर आणि दाणेदार पाणी खाली. भेंडीऐवजी फ्लॉवर, दुधी, नवलकोल चालतात. नवलकोल आधी पातळ दुधात शिजवून घ्या.

दुसरी उड्डमेथी, बांगडे आणि आंबाड्यांची. आंबाडे ही आंबट फळं चतुर्थीच्या सुमारास बाजारात येतात. ४ बांगडे, ६ आंबाडे, दीड वाटी ओलं खोबरं, ८-१० ब्याडगी मिरच्या, चमचाभर उडीद डाळ, चमचाभर तांदूळ, पाव चमचा मेथी. हो, पावच. मेथीचा अंदाज चुकला किंवा ती करपली तर सगळं कडू, आणि गूळ घालूनही ते जात नाही. थोड्या तेलात आधी उडीद आणि तांदूळ, ते गुलाबी होत आले की मेथी, ती जरा तांबूस होताच गॅस बंद.

खोबरं, मिरच्या, हळद गंधासारखं वाटून घ्या. भाजलेलं उडीद-मेथी अगदी शेवटी त्यात फिरवायचं, जरासं रवाळ राहिलं पाहिजे. आंबाडे चेचून मीठ, सुपारीएवढा गूळ आणि पाण्यात १०-१२ मिनिटं शिजवा, मग वाटण, एक उकळी, त्यात बांगड्याचे तुकडे. ५-६ मिनिटं. डाव घालू नका, टोप धरून गोल हलवा. बांगडे नको त्या दिवशी नुसत्या आंबाड्यांचीही तितकीच चांगली होते.

खाडीकाठ

+१. भेंडीच्या मुद्द्यात एक भर. तार तुटायला आमसूल लवकर टाकायची सवय असते. भेंडीत ते चालतं, कारण ती लवकर शिजते आणि जराशी करकरीत राहिली तरी बिघडत नाही. बाकी भाज्यांना ही सूट नाही.

पावसाळी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, आणि नेमक्या त्याच दिवसांत पालेभाज्या उत्तम. त्यामुळे पालेभाजी आणि सुकट ही जोडी पावसाळ्याची खरी.

सुकट-जवळ्याची साफसफाई हाच निम्मा स्वयंपाक. आधी कोरड्या तव्यावर मंद आचेवर ३-४ मिनिटं, कुरकुरीत होईपर्यंत. गरम असतानाच तळहातांत हलकेच चोळून सुपात पाखडा, मिशा आणि पाय मोडून निघतात. मग पाण्यात टाकून वरच्या वर हाताने उचलून घ्या, वाळू तळाला राहते. असं तीनदा. भांडं उपडं करून चाळणीत ओतलं तर वाळू परत सुकटीवरच पडते. धुतल्यावर लगेच पिळा, भिजत ठेवू नका. ती सोड्यांसारखी जाड नसते, भिजली की लगदा.

तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ: निवडून-चिरून ३०० ग्रॅम, त्याला ३ मोठे चमचे साफ सुकट, एक मोठा कांदा, ५ पाकळ्या लसूण, २ सुक्या किंवा हिरव्या मिरच्या, पाव वाटी खोबरं. तेलात लसूण, मिरची, सुकट २ मिनिटं, कांदा, मग माठ. झाकण नको, पाणी नको. ७-८ मिनिटांत पाणी सुटून आटतं. मीठ आता. पालेभाजी कच्ची असताना कढईभर दिसते आणि शिजून मूठभर होते, त्यात सुकटही खारट, त्यामुळे आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. उकडून सोललेल्या आठळ्यांचे (फणसाच्या बियांचे) तुकडे घातले तर फार छान. आठळ्या सालासकट कुकरमध्ये ३ शिट्ट्या, मग वरचं पांढरं कडक साल काढायचं, आतलं तांबूस राहिलं तरी चालतं.

पातीचा कांदा आणि जवळा: दोन जुड्या पात, वाटीभर जवळा. खालचे पांढरे कांदे चिरून आधी परता, मग जवळा, हळद, तिखट, दोन मिनिटं. हिरवी पात सर्वांत शेवटी, अडीच-तीन मिनिटं, एक आमसूल. पात काळपट पडायच्या आत उतरवायची.

अंबाडीला वेगळी वागणूक. ती मुळातच आंबट, तेव्हा तिच्यात तांदळाच्या कण्या कच्च्या टाकल्या तर शिजता शिजत नाहीत. कण्या वेगळ्या शिजवा. अंबाडी उकडून पाणी काढून टाका, घोटा, कण्या मिसळा, आणि वरून लसूण-जवळ्याची चांगली सढळ फोडणी. इथे तेलात हात आखडता घेतला तर भाजी नुसती आंबट लागते.

पैलतीर

परदेशात राहणाऱ्यांसाठी: चिनी किंवा थाई दुकानात वाळवलेली कोलंबी मिळते, ती सोड्यांऐवजी चालते, पण कृती तीच ठेवू नका. ती मिठाच्या पाण्यात उकडून मग वाळवलेली असते. म्हणजे शिजलेली, जास्त खारट आणि कडक. कोमट पाण्यात ३०-४० मिनिटं भिजवा, ते पाणी टाकून द्या, प्रमाण ५० ऐवजी ३५ ग्रॅम. परतायला मात्र तितकाच वेळ. लाल माठही त्याच दुकानांत मिळतो, हिरव्या पानाच्या मध्यभागी लाल ठिपका असलेला. त्याचे देठ जाड असतात, ते वेगळे करून ४ मिनिटं आधी टाका.

डब्यातलं नारळाचं दूध काल्दीनला चालतं. ते घट्टपणासाठी काहीतरी घालून स्थिर केलेलं असतं, त्यामुळे सहसा फाटत नाही. पण मसाला त्यात पिळून निघत नाही. तेव्हा धणे-जिरं-मिरी-लसूण थोड्या पाण्यात अगदी बारीक वाटून, गाळून घ्या.

आणि स्वयंपाकघर बंदिस्त असेल तर सुकट तव्यावर भाजण्याऐवजी ओव्हनमध्ये १५० अंशांवर ६-८ मिनिटं. वास येतोच, पण धूर होत नाही.

पाटावरवंटा

अष्टागर, "ताजी मासळी शेवटी" हा तुमचा नियम भुजण्यात कुठे बसतो? पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांत भुजणं करताना सगळं थंड भांड्यातच एकत्र कालवतात आणि मग चुलीवर ठेवतात. बटाटा घातला तरीही.

अष्टागर

बसत नाही, आणि तरी चांगलं होतं, कारण तिथे थर आणि जाडी काम करते. बटाट्याच्या चकत्या अगदी पातळ, रुपयाच्या नाण्याएवढ्या जाड, आणि त्या तळाला. कांदा, ठेचलेला लसूण, मिरची, कोथिंबीर, हळद, मसाला, मीठ आणि कच्चं तेल हाताने चोळून घ्यायचं. कांद्याला पाणी सुटेपर्यंत चोळणं महत्त्वाचं, कारण वरून फार तर दोन-तीन चमचे पाणी घालतात. मोठी कोलंबी किंवा बोंबील सर्वांत वर. झाकण ठेवून आधी २ मिनिटं मोठी, मग मंद आच. बटाट्याला थेट आच लागते, मासळीला वाफ. ८-१० मिनिटांत दोन्ही एकदम होतात. जाड फोडी घातल्या की जमत नाही. लहान कोलंबीही यात घेऊ नये.

माजघर

वालाच्या बिरड्यात कोलंबी घालतात त्याचं प्रमाण कोणी देईल का? वाल फुटून पिठलं होतं.

पाटावरवंटा

कडवे वाल पाव किलो, कोलंबी १५० ग्रॅम. वाल १०-१२ तास भिजवून, फडक्यात बांधून १८ ते २४ तास मोडासाठी, थंडीत आणखी. मोड आले की कोमट पाण्यात १५ मिनिटं, सालं चिमटीत सरकतात.

कांदा परतून हळद, मसाला, मग डाळिंब्या, म्हणजे हे सोललेले वाल, हलक्या हाताने. वाल बुडतील न बुडतील इतकं उकळतं पाणी. गार पाणी मध्येच ओतलं की वाल दडदडीत राहतात आणि मग ते शिजवायच्या नादात बाकीचे फुटतात. तुमचं पिठलं बहुधा यातूनच होत असेल, नाहीतर डाव फिरवण्यातून. डाव आत घालायचाच नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून हिंदकळायचं. मंद आचेवर १२-१५ मिनिटं. एक वाल दोन बोटांत दाबून बघा, चेपला पण फुटला नाही म्हणजे झाला. मग सुपारीएवढा गूळ, ३ आमसुलं, मीठ, खोबरं-जिरं-मिरचीचं दोन चमचे वाटण, आणि आधी परतलेली कोलंबी. ३ मिनिटं. कुकर अजिबात नाही.

खाडीकाठ

कोलंबीची डोकी आणि सालं कोणी फेकत असेल तर थांबा. ४०० ग्रॅम कोलंबीची डोकी-सालं धुऊन चमचाभर तेलात लाल होईपर्यंत ४-५ मिनिटं परता, दोन वाट्या पाणी, १५ मिनिटं मंद उकळा, डावाने चेपून गाळा. दीड वाटी अर्क निघतो. शेवग्याच्या शेंगा, नवलकोल, बिरडं यांत साध्या पाण्याऐवजी हा घाला, कोलंबी निम्मी असली तरी चव पुरी लागते. मोठ्या कोलंबीच्या डोक्यात कधीकधी काळपट पिशवी असते, ती काढून टाका, नाहीतर अर्क कडवट होतो. २० मिनिटांच्या पुढे उकळू नका, चुनकट चव उतरते.

तिरफळ

शेवगा निघालाच आहे तर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. ४ शेंगांचे बोटभर तुकडे आणि दोन वाट्या तिसऱ्या. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात तास-दोन तास ठेवल्या की वाळू ओकतात. त्याआधीच उघडलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी शिंपली टाकून द्या. शेंगा मीठ घातलेल्या पाण्यात १२ मिनिटं, मग भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण, आणि उकळी आली की तिसऱ्या, झाकण. ४-५ मिनिटांत तोंड उघडतात. शिजूनही न उघडलेली खायची नाही, जोर लावून उघडायचीही नाही. या रश्श्यात मीठ शेंगांपुरतंच, तिसऱ्या स्वतःचं खारं पाणी सोडतात.

पैलतीर

यातलं उरलं तर दुसऱ्या दिवशी गरम कसं करता? मायक्रोवेव्हमध्ये कोलंबीचे अक्षरशः टणक मणी होतात.

अष्टागर

सोडे-सुकटीच्या भाज्या खुशाल उकळा, दुसऱ्या दिवशी त्या अधिक मुरलेल्या लागतात. ताज्या कोलंबीच्या भाजीतून कोलंबी वेचून बाजूला ठेवा, भाजी-रस्सा वाफाळेपर्यंत गरम करा, गॅस बंद करून कोलंबी घाला आणि झाकण ठेवून ५ मिनिटं थांबा. काल्दीन मंद आचेवर, सतत ढवळत, उकळी न आणता. तिसऱ्या उरवूच नका. आणि रात्री जेवण झाल्यावर कढई ओट्यावर राहू देऊ नका, तासा-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, उथळ डब्यात, म्हणजे लवकर गार होतं.

पावसाळी

केळफूल आणि सुकट राहिलं. दोन शब्दांत: प्रत्येक फुलातला ताठ दांडा आणि तळाचं पारदर्शक पापुद्र्यासारखं पान काढून टाका, बारीक चिरून ताक घातलेल्या पाण्यात रात्रभर. चिरताना हाताला आणि विळीला तेल. सकाळी पिळून, एक उकळी काढून पाणी टाका, पुढे सगळं माठासारखंच, फक्त चिमूटभर गूळ जास्त आणि सुकट एक चमचा वाढवून, कारण केळफुलाचा तुरटपणा ती झाकते.